डोईचा भार

मकरंदने तोंडातले आमसूल एका गालातून दुसऱ्या गालात सरकवले, साचलेली लाळ जमवली आणि पायरीवरच्या करवंटीत थुंकला. मग करवंटी उचलून, जरा हलवून, किती साचले ते पाहिले.

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शुभदा बघत होती. तिच्या मागे चुलीवर पेज निवत होती. झाकण तिने मुद्दामच काढून ठेवले होते, वास ओटीपर्यंत जावा म्हणून. तो गेला असणार, कारण मकरंदची मान तिकडे वळली, जराशी तशीच राहिली आणि परत अंगणाकडे फिरली.

"मकू, वरची निवळ तरी घे. दोन घोट."

"नको."

"बरं, पाणी?"

"पाणीच जड असतं गं आई. बाबांनी सांगितलंय. भातापेक्षा पाणी जड."

एवढे बोलून तो पुन्हा थुंकला. तेरा वर्षांचा मुलगा. या पावसाळ्यात तो असा वाढला की जूनमध्ये शिवलेली खाकी चड्डी दिवाळीपर्यंत मांडीवर चढली. रात्री पाय दुखतात म्हणायचा आणि माई खोबरेल घेऊन त्याच्या पोटऱ्या चोळत बसायची. त्याच्या अंगाला वाढायचे होते आणि त्याच्या बापाला तो पंचेचाळीस किलोंच्या आत हवा होता.

उद्या कसालला शाळांच्या कबड्डीचे सामने होते, वजनी गटाचे. काट्यावर गटात बसेल तो खेळेल. काल संध्याकाळी सगळ्या संघाला कट्ट्याच्या बाजारात नेऊन भाईच्या दुकानात, खोबऱ्याची पोती तोलायच्या काट्यावर, एकेका पोराला बसवून झाले होते. बाकीचे बसले. मकरंद अर्धा किलो जास्त भरला. चढाईला जाणारा संघात तोच एक. त्याच्यावाचून बाकीच्यांनी नुसत्या साखळ्या धरून उभे राहायचे. असे गुरुदास म्हणत होता. गुरुदास हायस्कूलचा ड्रिलमास्तर होता, आणि मकरंदचा बापही.

"ह्या काय चल्लाहा?" मागल्या दाराने माई आली. सुनेकडे, मग नातवाकडे, मग करवंटीकडे तिने पाहिले. "पोर थुकता आणि आवस बघीत रवता. घोवाक सांगूक येयत नाय?"

"सांगितलं, माई."

"मगे?"

"तुमचाच मुलगा आहे तो."

"माझो झील माझा आयकलो आसतो, तर ड्रिलमास्तर कित्याक झालो आसतो? तलाठी नाय झालो आसतो?" माईने काटक्यांची मोळी चुलीपाशी टाकली. "घोटभर पेजेन कोण भोपळो होता काय!"

मकरंदला हसू आले. हसताना त्याचे ओठ ताणले गेले आणि खालच्या ओठावर चीर पडलेली शुभदाला दिसली. लोण्याची वाटी घेऊन ती बाहेर आली. त्याने तोंड मागे घेतले.

"ओठालाच लावतेय. वजन होत नाही त्याचं."

त्याने लावू दिले. पण जीभ आत ओढून धरली, चुकून लोणी चाटले जाईल म्हणून.

गुरुदास आला तेव्हा उन्हे माडांच्या शेंड्यांवर गेली होती. सायकल भिंतीला टेकवून, गळ्यातली शिट्टी न काढताच तो मुलाशेजारी पायरीवर बसला. करवंटीत डोकावून त्याने मान हलवली. कौतुक होते ते. वाईट माणूस नव्हता तो. पोरांच्या पायात काटे रुतले तर मांडीवर पाय घेऊन काढायचा. पण त्याच्या आधीच्या ड्रिलमास्तरांच्या नावावर ढाली होत्या आणि त्याच्या नावावर एकही नव्हती.

"नाहीच बसला तर केस आहेत," तो शुभदाकडे बघत म्हणाला आणि मकरंदच्या दाट केसांतून त्याने बोटे फिरवली. "आईचे केस घेतलेत ना यानं. ओल्या काथ्यासारखे. बाबली न्हावी येणारच आहे उद्या टेम्पोतून."

"गुरू, बापूस जितो आसताना झिलाचा डोक्या भादरूचा नसता," माई आतून म्हणाली. "असली थट्टा माका आवडना नाय."

"खेळाडूक ता लागू नाय गो आये. सत्यवानान काढूक नाय काय केस?"

"शाळेचा भार पेलण्यासाठी त्याने डोईचा भार उतरवला," मकरंद म्हणाला. धड्यातले वाक्य म्हणावे तसे, घडाघडा. त्याचे तोंड कोरडे असल्याने शब्द एकमेकांना चिकटत होते.

लोण्याची वाटी घेऊन शुभदा आत गेली. ते वाक्य तिचे होते.

गेल्या फेब्रुवारीत हायस्कूलला पन्नास वर्षे झाली. हेडमास्तर अप्पा घरी येऊन म्हणाले होते, "तुम्ही इतिहास घेऊन बी.ए. झालात. स्मरणिकेत शाळेचा इतिहास तुम्हीच लिहायचा. आमच्या मास्तरांनी लिहिला तर त्यात पगाराशिवाय काही यायचं नाही." कितीतरी वर्षांनी कोणी तिला तिच्या शिक्षणाचे काही विचारले होते. नांदगाव सोडून ही मंडळी इथे आली ती गुरुदासच्या नोकरीसाठी. या गावात ती मास्तरांची बायको होती आणि मकरंदची आई. तिने हौसेने लिहिले. दुकानवाल्या भाईच्या आजोबांच्या शेतावरच्या मांगरात, एका बाजूला वैरण आणि दुसऱ्या बाजूला आठवी, अशी भरलेली पहिली शाळा. डोक्यावरून चिरे वाहणारे पालक. सड्यावरचा कातळ फोडून पोरांनीच केलेले मैदान. आणि मग ढाली.

ढालींत सर्वात मोठी हुतुतूची. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, ती रत्नागिरीहून जिंकून आणलेली. शाळेच्या हॉलमध्ये त्या संघाचा फोटो होता. मधोमध ढाल धरून बसलेला मुलगा सत्यवान गावडे, आणि सगळ्या केसाळ डोक्यांत त्याचे एकट्याचे डोके तुळतुळीत. दर ड्रिलमास्तर नव्या पोरांना त्या फोटोसमोर उभे करायचा आणि सांगायचा, हा सत्यवान रत्नागिरीला काट्यावर जरासा जड भरला, तर तिथल्या तिथे डोके भादरून पुन्हा चढला, आणि ढाल घेऊन आला.

लिहिण्याआधी शुभदा सत्यवान गावड्यांकडे गेलीही होती, खाडीपलीकडच्या वाडीत. पन्नाशीला आलेला माणूस खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होता. तिने सगळी गोष्ट त्याला सांगितली आणि विचारले, यात अजून काही भर घालायची आहे का. तो बियांवर हात फिरवत म्हणाला होता, "काय लिवचा ता लिवा, बाईनू. फोटो आसा मा थंय." तिला तो विनय वाटला. तेही तिने लिहिले.

समारंभात अप्पांनी तो परिच्छेद मोठ्याने वाचला. टाळ्या पडल्या. आधी ती गोष्ट नुसती सांगायची होती. छापून आल्यावर ती करायची झाली.

सकाळी देवळासमोर टेम्पो उभा होता. मोहोरलेल्या आंब्यांखाली धुके होते आणि पोरे थंडीने हात काखेत घालून उभी होती. माईने पेजेची किटली शुभदाच्या हातात दिली होती, झाकणाला फडके बांधून. "वजन झाला काय लगेच पाज तेका. भर रस्त्यार बसून पाज." बायका संघाबरोबर जात नसत. गुरुदासने एकदा कपाळाला आठी घातली, पण किटली बघून तो काही बोलला नाही.

सत्यवान गावडे आले होते. पांढरी टोपी, धुतलेला सदरा. ढालीचा माणूस बरोबर असला की यश येते असे मानून प्रत्येक ड्रिलमास्तर त्यांना नेत असे, आणि तेही येत. पुढच्या सीटवर बसत, फारसे बोलत नसत.

गावकाराने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणे घातले.

"देवा म्हाराजा, आज जी काय तुझी लेकरां कसालाक खेळाक चल्लीहत, तेंका येस दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," पोरे एका सुरात म्हणाली.

"वाटेत काय इडापिडा आसात, ती वाटेतच ठेव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"गुरुदास मास्तराचो झील काट्यार जड भरता, तेका हलको कर रे म्हाराजा."

पोरे फसकन हसली आणि मग दुप्पट जोराने ओरडली, "होय म्हाराजा." मकरंदही म्हणाला. त्याचा आवाज त्यांच्यात फुटका वाजला. शुभदाच्याही तोंडून सवयीने "होय म्हाराजा" निघाले, आणि निघता निघताच तिने मनात उलटे म्हटले. जड भरू दे त्याला. काट्यावरून परत पाठवू दे. त्या एवढ्या गर्दीत देवाने कुणाचे ऐकायचे, असेही तिला वाटून गेले.

कसालच्या शाळेच्या व्हरांड्यात सोसायटीच्या गोदामातला लोखंडी काटा आणून ठेवला होता. पोरे नुसत्या चड्डीवर रांगेत उभी होती. त्यांच्या छातीच्या फासळ्या मोजता येत होत्या. मकरंद चढला. तिथल्या गुरुजींनी वजन सरकवले, दांडी वर जाऊन चिकटली, आणि चिकटूनच राहिली.

"पाव किलो वर आहे."

"सर, पोटात काही नाही हो त्याच्या कालपासून," गुरुदास म्हणाला.

"मग अंगात असेल," गुरुजी म्हणाले आणि आजूबाजूचे हसले. "सामना सुरू होईपर्यंत कधीही आणा. माझं काय, मी इथंच आहे."

शुभदाने किटलीचे फडके सोडायला घेतले होते. गुरुदासने लांबूनच हाताने नको अशी खूण केली. मग त्याने स्वतःचा स्वेटर काढून मुलाच्या स्वेटरवर चढवला, त्यावर टेम्पोतली गोणपाटाची खोळ घातली आणि मैदानाच्या कडेने त्याला पळायला लावले.

ऊन चांगले वर आले होते. मैदानाच्या अंगाला एक जुना काजू होता, फांद्या जमिनीपर्यंत आलेल्या. त्याच्या सावलीत ती उभी राहिली. मकरंद लांबच्या टोकाला जाई तेव्हा ती खोळ एकटीच पळते आहे असे दिसे. जवळ आला की चेहरा दिसे. पहिल्यांदा तो लाल होता. मग त्याच्या ओठांभोवती एक पांढरी कड आली. घाम मात्र येत नव्हता. घाम यायलाही अंगात काहीतरी लागते.

"अहो, पुरे," ती गुरुदासला म्हणाली. त्याच्या जवळ जाऊन, हळूच, कारण चार माणसे होती.

"आणखी एक फेरी."

"त्याच्या ओठांकडे बघा."

"मी बघत नाहीये असं वाटतं तुला?" गुरुदास म्हणाला. त्याच्या हातातली शिट्टी ओली झाली होती. "तूच विचार त्याला. थांबतोस का म्हणून विचार. तो थांबला तर मी काही बोलणार नाही."

मकरंद समोरून गेला तेव्हा तिने विचारले. त्याने मानेनेच नाही म्हटले आणि पुढे गेला. मुलाने नाही म्हटल्यावर आईला विचारायला काही उरले नाही.

पुन्हा काटा. दांडी वर गेली, हलली, खाली यायला बघितले आणि परत वर टेकली. केसभर. गुरुजींनी हात उडवले. संघातल्या कुणीतरी म्हटले, "केस." मग सगळ्यांनी म्हटले. बाबली न्हावी तोपर्यंत काजूखाली येऊन बसलाही होता. त्याने धोपटी उघडून वस्तरा पायाच्या अंगठ्यापाशी ठेवला. मकरंद त्याच्यासमोर मांडी घालून बसला आणि त्याने मान खाली केली. पोरांनी कडे केले. पालखीतून उतरलेल्या देवाभोवती करावे तसे.

सत्यवान गावडे तेवढे उठून पोरांच्या कड्याबाहेर आले आणि दुसऱ्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

शुभदा त्यांच्यामागून गेली.

"काका, तुम्ही सांगा त्यांना, पुरे म्हणून. तुमचं ऐकतील. तुम्ही जे केलंत ते वेगळं. हा लहान आहे, सकाळपासून—"

"बाईनू," ते म्हणाले. रस्त्यावरून एक एस.टी. गेली, ती जाईपर्यंत थांबले. "आमच्या वेळाक काटो खंय होतो?"

"म्हणजे?"

"वजना कोण करी होतो? ही गटाबिटांची भानगड मागसून इली. आमी हुतुतू खेळा होतो. ज्येच्या छातयेत दम, तो खेळात. बस."

तिच्या हातातली किटली कलली. तिने दोन्ही हातांनी धरली. "मग फोटोत केस?"

त्यांनी टोपी काढली, आत बघितले, परत घातली.

"बापूस गेलो होतो माझो. धाव्या दिसाक काढलेले ते केस."

मागे बाबलीचा वस्तरा चामड्यावर घासल्याचा आवाज आला.

"धाव्याक डोक्या भादरला आणि दुसऱ्या दिवशी रत्नागिरीची बोट होती. आवशीन हात धरल्यान. तेरावो होयसर खंय जाव नको म्हणाक लागली. मगे मास्तर इले, चार मोठी माणसां इली. शाळेची अब्रू, गावाची अब्रू. सगळे तिका समजावूक बसले. ती काय बोलतली? शेवटाक हात सोडल्यान." ते थांबले. "बापाचा तेराव्याचा पान माझ्या हातान पडूक नाय, बाईनू. त्या दिवशी मी थंय ढाल धरून फोटोक बसलंय."

"मी तुमच्या घरी आले होते," शुभदा म्हणाली. "तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलास काय? तुमी सांगीत इलास." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "जे जाणत होते ते मुंबैक गेले, नायतर वर गेले. आणि खरा सांगू, ती गोष्ट बरी होती. मरणाचा कोण सांगतलो पोरांका, ढालीच्या बाजूक उभो रवान? आयकून आयकून माका पण तसाच वाटाक लागला. केस मीच काढलंय, वजनासाठी."

"आता सांगा. आत्ता. त्याला तुम्ही सांगितलंत तर—"

त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि मान डोलावली. पोरांच्या कड्याकडे निघाले. चालताना त्यांनी सदरा खाली ओढून नीट केला. तिला वाटले, झाले, आता होईल.

पोरे बाजूला सरली. "सत्यवानकाका इले, सत्यवानकाका इले." मकरंदने मान वर केली. अर्धे डोके झाले होते. पांढुरक्या कातड्यावर वस्तऱ्याच्या रेघा, आणि उरलेल्या अर्ध्यावर तिचे दाट केस. उजव्या कानामागे एक जुना व्रण उघडा पडला होता. वर्षाचा असताना तो खाटेवरून पडला होता, तेव्हाचा. केसांखाली तो आहे हे ती विसरून गेली होती.

"काका," मकरंद म्हणाला, "तुमच्यासारखा दिसतो?"

सत्यवान गावडे उभे राहिले. त्यांचा हात वर आला, हवेत अडखळला आणि मुलाच्या भादरलेल्या बाजूवर टेकला. सगळी पोरे त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांचे ओठ हलले. शुभदा ऐकायला पुढे झाली.

"होय रे," ते म्हणाले. "तसोच दिसतंस."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबलीने वस्तरा पाण्यात बुडवला.

गुरुदास व्हरांड्यात होता, गुरुजींशी बोलत. ती जवळजवळ धावतच तिथे पोचली.

"अहो, त्यांचे वडील वारले होते."

"कुणाचे?" त्याचा चेहरा उतरला.

"सत्यवानकाकांचे. तेव्हा. म्हणून केस नव्हते. वजनाचं काही नव्हतंच, तेव्हा वजनच करत नव्हते. मी चुकीचं लिहिलं."

तिचे म्हणणे त्याच्यापर्यंत पोचले होते. ते त्याच्या डोळ्यांत दिसले. मग त्याने काजूकडे पाहिले.

"शुभदा, अर्धं डोकं झालंय," तो म्हणाला. "आता थांबवून त्याला काय सांगू?"

तिने किटलीचे फडके पुन्हा बांधले.

मकरंद काट्यावर चढला. दांडी वर गेली, खाली आली आणि मधोमध तरंगत राहिली. मैदानावरची पोरे ओरडली. गुरुजींनीही त्याच्या उघड्या डोक्यावर एक टपली मारली आणि नावापुढे खूण केली. बापाने मुलाला काट्यावरून उचलूनच घेतले. इतका हलका.

पेज पाजायला वेळ मिळाला नाही. शिट्टी झाली होती. त्याने अर्धा पेला पाणी घेतले आणि ओठ पुसत आत धावला.

पहिला सामना त्यांनी जिंकला. मकरंदने दोन चढाया केल्या, आणि त्याचे गुळगुळीत डोके उन्हात चमकत मधल्या रेषेवर परत आले तेव्हा कसालची माणसेही वाहवा म्हणाली. दुसऱ्या सामन्यात गुण बरोबरीत असताना तो चढाईला गेला. "कबड्डी, कबड्डी" असा त्याचा आवाज शुभदाला काजूखाली ऐकू येत होता. ती तोच ऐकत होती, बाकी काही बघत नव्हती. त्याने कोपऱ्यातल्या एकाला हात लावला. कुणी पकडलेही नव्हते त्याला, वाट मोकळी होती, परत यायचे एवढेच होते. मध्येच आवाज चिरकला. पुन्हा सुरू झाला. मग नुसतेच ओठ हलले. पंचांनी हात वर केला. दम तुटला होता. तो निदानरेषेपाशी उभा राहिला, सगळी पोरे थांबली तरी ओठ हलवत.

संघ हरला. कुणी त्याला बोलले नाही. गुरुदासने तर पाठीवर हात ठेवला आणि म्हटले, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी तो पंचेचाळीसांत बसणार नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होते.

टेम्पोवाला कुठेतरी चहाला गेला होता. बाकीची पोरे दुकानासमोर भजी खात होती. शुभदाने मकरंदला रस्त्यालगतच्या कट्ट्यावर बसवले, किटलीच्या झाकणात पेज ओतली आणि त्याच्या हातात दिली. पेज गार झाली होती, दाटली होती. झाकणाला खालून तिने आपला हात धरला. पलीकडे टेम्पोच्या पुढच्या सीटवर सत्यवान गावडे टोपी नीट करून बसले होते, समोर बघत.

बाजाराची पाटी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी रस्त्याने चालली होती. ती मुलाला पाहून थांबली. पाटी उतरवून जवळ आली आणि खाली वाकली.

"बापूस गेलो काय रे झिला, तुझो?"

उत्तराची वाट न बघता तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. मग तिची नजर शुभदाच्या कपाळाकडे गेली. तिथले कुंकू पाहून ती गोंधळली. मुलाकडे, परत कुंकवाकडे.

"कोण नाय गेला गो आज्ये," मकरंद म्हणाला. पेजेचा थेंब त्याच्या हनुवटीवर होता. "शाळेसाठी काढले. वजनासाठी."

"शाळेसाठी," म्हातारी म्हणाली. तिने ते समजून घ्यायचा प्रयत्न केला. "बरा, बरा." पाटी उचलून ती निघाली, आणि जाता जाता एकदा वळून तिने शुभदाकडे पाहिले. ते पाहणे शुभदाला ओळखीचे वाटले. दुखवट्याच्या घरून निघताना बायका असे बघतात.

मकरंदने झाकण रिकामे केले आणि पुढे केले. तिने पुन्हा भरले.

"आई."

"हं."

"पुढच्या वेळी शाळेचं काही लिहिलंस, तर माझंही लिहिशील ना? आम्ही हरलो तरी?"

तिने पदर ओढून त्याच्या डोक्यावर घेतला. उन्हे खाली आली होती, तसे करायची काही गरज नव्हती. त्या उघड्या कातड्याची ऊब पदरातून तिच्या तळव्याला लागली.

"आधी पी," ती म्हणाली.